इब्राहिम मिस्त्रींचे एकोणीस दिवस

आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात जेवणं झाली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "पिंगळे, आता एकोणीस दिवस होऊन जाऊ द्या." मग मी उभा राहायचो, चष्मा काढून खिशात ठेवायचो आणि किस्सा सांगायचो. इब्राहिम मिस्त्री नावाचे आमचे एक मेकॅनिक होते. नोकरीत आपण पिंगळ्यांच्या एकोणीस दिवस आधी लागलो, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. कागद मात्र एकही नाही. आणि त्या नसलेल्या एकोणीस दिवसांपायी स्वतःच्या मुलीच्या निकाहाला जायचं त्यांचं विमान कसं हुकलं, ते मी साभिनय सांगायचो. मला नकला बऱ्या जमतात. लोक पोट धरून हसायचे.

किस्सा खोटा आहे. विमान हुकलं एवढं खरं, बाकीचं माझं. संपादकांनी या दिवाळी अंकासाठी विमानाच्या दिवसांतल्या गमतीजमती मागितल्या, तेव्हा मी एकच अट घातली. गमती देईन, पण या एका गमतीची दुरुस्ती त्यांच्यासोबत छापायची. त्यांनी ती मान्य केली, त्यांचे आभार.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी लोहगावच्या विमानतळावर वाहतुकीचा कारकून होतो. मुंबईहून डकोटा विमान यायचं, पुण्याला थांबायचं आणि पुढे हैदराबादला जायचं. त्यात पंचवीस-सव्वीस माणसं मावायची. पण मावणं वेगळं आणि उडणं वेगळं. पेट्रोल किती भरलंय, टपालाच्या थैल्या किती, ऊन किती, यावर त्या दिवशी विमान किती ओझं उचलेल ते ठरायचं. म्हणून सामानाबरोबर आम्ही माणसांचंही वजन करायचो. धान्याच्या वखारीत असतो तसा एक मोठा काटा होता. प्रवाशाला त्यावर उभं करायचं आणि आकडा वहीत लिहायचा.

या काट्याने मला माणसं दाखवली. तळेगावकडचे एक भारदस्त इनामदार काट्यापाशी अडून बसले, "बायकोसमोर नको." बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्यासमोर कसली लाज? मीच तर भरवलंय." एक व्यापारी ऐन मे महिन्यात तीन कोट चढवून आले. सामानाला मर्यादा होती, अंगावरच्या कपड्यांना नव्हती, हे त्यांनी कुठून तरी काढलं होतं. काट्यावरून उतरले आणि घामाघूम होऊन तिथेच फतकल मारून बसले. त्यांना पाणी पाजून, दोन कोट उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिले, तेव्हा कुठे ते विमानाच्या शिडीपर्यंत पोचले.

त्या नोकरीत आमचं राजेपण एकच, फुकट पास. पण पास म्हणजे जागा नव्हे. तिकीटवाले सगळे बसले, टपाल चढलं, वजनाचं जमलं आणि तरीही एखादी खुर्ची उरली, तर ती कर्मचाऱ्याची. याला स्टँडबाय म्हणायचे. स्टँडबायवाला लांबून ओळखू यायचा. कपडे लग्नाला निघाल्यासारखे, कारण चारचौघांत बसायचं म्हणून तसा नियमच होता. चेहरा मात्र दवाखान्याबाहेर बसल्यासारखा. आणि नजर सतत माझ्या वहीवर. आमच्या एका सहकाऱ्याची आई तीन दिवस ओळीने येऊन परत गेली. चौथ्या दिवशी ती धपाट्यांचा डबा घेऊन आली आणि तिकीटवाल्या प्रवाशांना आग्रह करकरून खायला घालू लागली. मी म्हटलं, "आजी, हे कशाला?" तर म्हणते, "खाऊ दे की. एखाद्याचं पोट बिघडलं तर माजी सोय व्हईल."

एकाच खुर्चीवर दोघातिघांचा डोळा असला की काय करायचं? आमच्या जुन्या, लहानशा कंपनीत याचं उत्तर सोराबजी नावाचं होतं. सोराबजी आमचे स्टेशनप्रमुख. ते टेबलामागून उठायचे, सगळ्या स्टँडबायवाल्यांना ओळीत उभं करायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "तू कशाला जाते?" बस, एवढीच परीक्षा. एकदा मी मुंबईला क्रिकेटची मॅच बघायला निघालो होतो आणि आमच्या एका हमालाचे वडील तिकडे आजारी होते. सोराबजी मला म्हणाले, "पिंगळे, मॅच तू पेपरमध्ये वाच. याचा बाप पेपरमध्ये नाय येणार." मी हसत घरी गेलो. राग यायचं काही कारणच नव्हतं.

इब्राहिम दाऊद तांबोळी त्याच कंपनीत मेकॅनिक होते. मूळचे चाकणचे, राहायला आमच्या चिंचवडात, माझ्या घरापासून दोन आळ्या सोडून. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आधी मालमोटारी दुरुस्त करायचे, लढाईच्या काळात विमानांच्या कारखान्यात शिरले आणि मग त्यांना दुसरं काही आवडेनासं झालं. इंजिनाला कान लावून बोलायचे, "आज बाईला खोकला हाय." सकाळी आम्ही दोघं चिंचवडहून शटल गाडीने शिवाजीनगरला जायचो, तिथून कंपनीची मोटार. मी नोकरीवर गेलो त्या पहिल्याच दिवशी नव्या नवलाईने विमानाच्या फिरत्या पंख्याच्या बाजूने चालत निघालो होतो. त्यांनी मागून कॉलर धरून असं ओढलं की शर्टाची दोन बटणं तुटली. "आवो पिंगळेराव, पंखा दिसत न्हाई तवाच त्यो तिथं असतो!" म्हणाले. म्हणजे मी लागलो तेव्हा ते तिथे होते. एकोणीस दिवसांपासून होते. हे मला नेहमीच पक्कं ठाऊक होतं.

मग सरकारने देशातल्या खासगी विमान कंपन्या ताब्यात घेऊन त्यांचं एकच महामंडळ केलं. आमची कंपनी त्यात सगळ्यांत धाकटी. मोठ्या कंपनीतून आलेले लोक आमच्याकडे दूरच्या गरीब नातेवाइकांकडे बघावं तसे बघायचे. "तुमच्याकडचं एक वर्ष म्हणजे आमच्याकडचे सहा महिने," असं एकाने मला तोंडावर सुनावलं. आमच्यातल्या एकाने उत्तर दिलं, "बरोबर आहे, तुमची विमानंही अर्ध्या वेळेलाच सुटायची." सोराबजी निवृत्त होऊन गुजरातेत गावी गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मोठ्या कंपनीचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागायची, एवढंच.

स्टँडबायचाही कागद आला. यापुढे कोण कशाला जातो हे विचारायचं नाही. नोकरीत जो आधी लागला, त्याचा नंबर आधी. पूर्वीची कंपनी कोणतीही असो. त्यासाठी प्रत्येक स्टेशनाने ज्येष्ठतेची यादी करून मुंबईला पाठवायची होती. यादी करणारा कारकून मी.

यादीत तारखेचा रकाना एकच होता. आणि आमच्या कंपनीत प्रत्येकाच्या तारखा होत्या दोन. एक कामावर आल्याची, दुसरी नोकरी पक्की झाल्याची. पक्की करण्याची सोराबजींची पद्धत अशी की पतेतीच्या दुसऱ्या दिवशी, मन प्रसन्न असताना, त्या वर्षी आलेल्या सगळ्यांच्या पत्रांवर ते एकदम सह्या ठोकायचे. त्यामुळे इब्राहिमभाईंची आणि माझी नोकरी एकाच दिवशी पक्की झाली होती, लागल्यापासून आठ महिन्यांनी. नव्या साहेबांनी सांगितलं, "पक्क्या नोकरीची तारीख सहीशिक्क्याची आहे. तीच घ्या, सगळ्यांना सारखी. तारीख जुळली तर वयाने मोठा तो आधी."

मी तसंच करत गेलो. सात जणांच्या ओळी भरल्या. इब्राहिमभाईंची ओळ भरली. शेवटची ओळ माझी. त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. मुलगी हैदराबादची, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरातली. बोलणी चालू असताना माझ्या मामाने सासरच्यांना छाती फुगवून सांगितलं होतं, "मुलगा विमानाने ये-जा करतो." माझं पेन जरा थांबलं आणि मग मी माझ्या नावापुढे कामावर आल्याची तारीख लिहिली. बाकी सगळ्यांच्या पक्क्या झाल्याच्या, माझी एकट्याची लागल्याची. एका ओळीत मी जुन्या सोबत्यांच्या आठ महिने पुढे गेलो. साहेबांनी न बघता सही केली, कारण कारकून मी होतो.

यादी मुंबईहून छापून आली तेव्हा इब्राहिमभाईंनी ती नीट वाचली. त्यांना वाचायला वेळ लागायचा, पण काही सुटायचं नाही. दुसऱ्या दिवशी शटलमध्ये त्यांनी मला विचारलं.

"पिंगळेराव, तुमी माज्या आदी कवा लागला?"

"तसं नाही, मिस्त्री. पक्की झाल्याची तारीख धरलीय."

"मग आपली येकच की. सोराबजीनं येका दिवशी कागुद दिला."

मी खिडकीबाहेर बघून म्हणालो, "कारकुनांची पहिल्या दिवसापासूनच पक्की असते. तांत्रिक लोकांची नंतर होते."

"व्हय का?" ते म्हणाले. "असंल बाबा. आमाला काय ठावं." आणि त्यांनी डब्यातली भाकरी मोडून अर्धी मला दिली.

पण गप्प बसणारे ते नव्हते. हँगरमध्ये, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला सांगायचे, "कागुद काय बी म्हणू दे, मी पिंगळेरावांच्या एकोणीस दिस आदी लागलोय. मोजून एकोणीस." लोकांना ही मोठी करमणूक झाली. कोणी कसलाही दावा केला की बाकीचे म्हणायचे, "हे मिस्त्रींचे एकोणीस दिवस दिसतात." त्या हसणाऱ्यांत मी होतो.

आता तो दिवस. एकत्रीकरण होऊन दोन वर्षं झाली होती. माझा पहिला दिवाळसण होता. बायको आधीच माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान, त्याला जावई हजर हवा. खरं तर त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी रेल्वेने निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. पण सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत जावई विमानाने येणार म्हणून सांगून ठेवलं होतं आणि सासरे बेगमपेठच्या विमानतळावर हार घेऊन उभे राहणार होते. तेव्हा रेल्वेने जाणं ही मला बेअब्रू वाटली.

आणि त्याच दिवशी, संध्याकाळी, इब्राहिमभाईंच्या थोरल्या मुलीचा, झुबेदाचा निकाह हैदराबादला होता. झुबेदाची आजी, म्हणजे इब्राहिमभाईंच्या सासूबाई, तिकडे अंथरुणाला खिळल्या होत्या. नातीचं लग्न त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून सगळं तिकडे ठरवलं होतं. घरची मंडळी आठवड्याआधी रेल्वेने गेली. इब्राहिमभाईही जाणार होते, पण एका डकोटाचं इंजिन बदलायचं निघालं आणि त्या कामाचे दुसरे मेकॅनिक तापाने पडले. इंजिन त्या सकाळी नऊला तयार झालं. विमान अकराला. रेल्वेने गेलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार.

त्यांनी हात रॉकेलने धुतले, मग साबणाने, मग पुन्हा रॉकेलने. शेरवानी पिशवीत आणली होती, ती मागच्या खोलीत जाऊन घातली, अत्तर लावलं. तरी पेट्रोलचा वास अत्तराच्या वर येत होता. बाहेर येऊन मला म्हणाले, "कसा दिसतोय?"

"नवरदेवासारखे."

"मग नवरदेव मलाच मारंल की!" असे हसले की दोन प्रवासी वळून बघू लागले.

मुंबईहून बिनतारी निरोप आला की दोन जागा रिकाम्या आहेत. स्टँडबायवर आम्ही दोघंच. आमचे चेहरे उजळले. इब्राहिमभाई म्हणाले, "झालं. म्होरं तुमी बसा, मागं मी. पडलं तर संगं पडू." तेवढ्यात पिंपरीच्या नव्या कारखान्यातले एक इंजिनिअर धावतपळत आले, तिकीट काढलं आणि काट्यावर उभे राहिले. तिकीटवाल्याचा हक्क पहिला, त्यात बोलायला काही नव्हतं. उरली एक जागा.

साहेबांनी कपाटातून यादी काढली, बोट फिरवलं. "पिंगळे."

इब्राहिमभाई पुढे झाले. "साहेब, माज्या पोरीचा निका हाय. आज सांजच्याला."

साहेब खरोखर अवघडले. "तांबोळी, मला समजतं. पण यादी मोडली तर उद्या प्रत्येकाच्या घरी लग्न असेल. तुम्ही यांच्या आठ महिने मागे आहात."

"न्हाई साहेब. एकोणीस दिस म्होरं हाय." मग ते माझ्याकडे वळले. "पिंगळेराव, तुमी सांगा ना साहेबाला. तुमी आला त्या दिवशी पंख्यापासनं तुमाला कुनी वढलं?"

टपालाची थैली उचलता उचलता हमाल थांबला. मी म्हणालो, "मिस्त्री, यादी मुंबईहून आलीय. माझ्या हातात काय आहे?"

साहेबांनी मला आणखी एक दार उघडून दिलं. ते म्हणाले, "पिंगळे, तुम्ही स्वतःहून जागा सोडू शकता. त्याला नियमाची आडकाठी नाही. तुमची इच्छा."

हेच सोराबजी असते तर "तू कशाला जाते?" असं विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की मी उटणं लावून घ्यायला जातोय. पण हा प्रश्न आता कोणी विचारायचा नव्हता. मी म्हणालो, "साहेब, सासरे बेगमपेठला येऊन उभे राहिले असतील."

इब्राहिमभाईंनीच माझी बॅग उचलली आणि माझ्या हातात दिली. "जावा. जावई मानूस. पयला सण हाय, त्यांचा बी जीव लागला आसंल." शिडीपर्यंत आले. तिथे म्हणाले, "येक काम करा. ह्यो पत्ता, आमच्या घरच्यांस्नी निरोप द्या. म्हनावं, जागा मिळाली न्हाई. उद्या येतो. झुबेदाला सांगा, अब्बा निगाला व्हता."

इंजिन सुरू करताना आग विझवायचं नळकांडं घेऊन पंख्याजवळ एक माणूस उभा राहावा लागतो. दुसरे मेकॅनिक तापाने घरी. तेव्हा इब्राहिमभाईच उभे राहिले, शेरवानीत, हातात नळकांडं घेऊन. मी खिडकीतून बघितलं. दोन्ही पंखे फिरले तेव्हा वाऱ्याने त्यांची शेरवानी मागे उडाली आणि त्यांनी वैमानिकाला अंगठा दाखवला. मी मान फिरवून घेतली. शेजारचे इंजिनिअर म्हणाले, "तुमचा मेकॅनिक भारीच नटलाय हो." मी म्हटलं, "सण आहे ना."

बेगमपेठला सासऱ्यांनी हार घातला. गल्लीतली चार माणसं मुद्दाम आली होती. त्या हारासकट मी आमच्या ऑफिसात गेलो आणि निरोप पाठवायला कागद घेतला. "जागा मिळाली नाही" असं लिहायला गेलो आणि लक्षात आलं की चिठ्ठी नेणारा ड्रायव्हर मला त्याच विमानातून उतरताना बघून आलाय. तो तिथे विचारल्यावर सांगणारच, की पुण्याचे एक साहेब पासावर आले की. मी लिहिलं, "मिस्त्री कामात अडकल्यामुळे त्यांचे येणे जमले नाही. उद्या येतील." सही केली नाही.

इब्राहिमभाई दुसऱ्या दिवशी दुपारी रेल्वेने पोचले तेव्हा मुलगी सासरी गेलेली होती.

सुट्टी संपवून मी परतलो. चिंचवडच्या फलाटावर ते नेहमीसारखे उभे होते. "काय जावईबापू, वजन करू का?" म्हणाले. निकाहाबद्दल मी विचारलं तर "झाला झकास" एवढंच सांगितलं. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्याच गाडीने गेलो. एकोणीस दिवसांचं मात्र त्यांनी सोडलं नाही. निवृत्तीच्या समारंभात हार गळ्यात असतानाही भाषणात म्हणाले, "मी पिंगळेरावांच्या आदी लागलो, आन आज आदी चाललो. हितं तरी नंबर बराबर लागला." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोराने मी वाजवल्या. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात मी पुन्हा तो किस्सा रंगवून सांगितला. नंतर हात धुताना एक चाळिशीचा माणूस जवळ आला. कोणाबरोबर तरी पाहुणा म्हणून आला होता, आकुर्डीच्या कारखान्यात नोकरीला. हसत होता. "काका, मिस्त्री म्हणजे माझे नाना, अम्मीचे वडील. अम्मी सांगवीला माझ्याकडेच असते. तुम्ही नानांची नक्कल काय करता! अम्मीला एकदा ऐकवा ना."

घरी येऊन मी आठ दिवस नीट जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "माझ्या दिवाळसणाचं खापर माझ्या माहेरावर फोडू नका. उठा आणि जा."

सांगवीला तिसरा मजला. झुबेदाने दार उघडलं. बापाचेच डोळे. तिने चहा केला, समोर बसली आणि म्हणाली, "हं काका, करा अब्बांची नक्कल." मी नक्कल केली नाही. यादी, रकाना, शटलमधलं खोटं, ती खुर्ची, शेवटी चिठ्ठी, सगळं एका दमात सांगितलं.

चिठ्ठीचं ऐकल्यावर ती सरळ होऊन बसली. "ती तुम्ही लिहिली?"

"हो."

"चौथीपर्यंत शिकले होते मी, मराठी शाळेत. त्या घरात मराठी वाचणारी मीच. नवरीच्या कपड्यांत बसून मी ती सगळ्यांना वाचून दाखवली. 'कामात अडकल्यामुळे.' चिठ्ठी रात्री हातात पडली, तोवर काझीसाहेब चार तास थांबले होते. मग अब्बांच्या जागी मामू वली म्हणून बसले. अब्बा दुसऱ्या दिवशी आले, म्हणाले, बेटा, जागा नाही मिळाली. मी म्हटलं, खोटं बोलता. तुम्हाला इंजिन जास्त प्यारं. वर्षभर मी त्यांना एक पत्र लिहिलं नाही, काका. माझा थोरला जन्मला आणि ते बघायला आले, तेव्हा मी बोलले."

मला वाटत होतं की मी एक खुर्ची घेतली. मी काय घेतलं ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "त्यांना त्या चिठ्ठीचं कळलं होतं?"

"मीच तोंडावर फेकली त्यांच्या. वाचली, घडी करून खिशात ठेवली. कोणाची म्हणून बोलले नाहीत."

माझं अक्षर त्यांनी रोज पाहिलेलं होतं. त्यांनी मला कधी विचारलं नाही. का, ते मला माहीत नाही, आणि मी आता त्याला काही सुंदर अर्थ लावणार नाही.

मी हात जोडले. ती म्हणाली, "हात नका जोडू, म्हाताऱ्या माणसाने असं करू नये. माफी मी देईन, नाही देईन, ते माझं मी बघते. आधी सांगा, हे मला एकटीला सांगून काय होणार? हसले तर सगळे होते ना?"

"दिवाळी अंकात लिहीन. नावासकट."

"काय लिहाल?"

मी म्हणालो, "इब्राहिम दाऊद तांबोळी हे माझ्या एकोणीस दिवस आधी कामावर लागले. यादीतली माझी तारीख मी चुकीची लिहिली. ती जागा त्यांची होती. कामात अडकल्याची चिठ्ठी खोटी."

"हां, बरोबर." ती उठली, माझा कप उचलला, आत गेली आणि परत दारात येऊन उभी राहिली. "काका, त्या दिवशी तिकडे जाऊन काय जेवलात?"

"अगं, ते कशाला..."

"नाही, सांगा. माझ्या अब्बांच्या खुर्चीवर बसून गेलात. काय खाल्लंत?"

मला सगळं आठवत होतं. "चिरोटे. साखरभात. अळूवडी. आग्रहाने तीनदा वाढलं."

"चांगलं होतं?"

मी खाली बघून म्हणालो, "फार चांगलं होतं."

ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग भिंतीला टेकून, अगदी बापासारखी मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसावं की रडावं कळेना. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "मग तेही लिहा."